पडद्याची पत्रिका

घरात काही बिघडले की त्याचे खापर घरातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या वयावर फोडायची आपल्याकडे जुनी चाल आहे. टीव्हीचा आवाज घोगरा येतो म्हणावे, तर "तुमचे कान गेले". आमटीत मीठ कमी म्हणावे, तर "तोंडाची चव गेली". आणि अक्षर नीट दिसत नाही म्हटले, की डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतली जाते. गंमत अशी, की चार वेळा ऐकल्यावर त्या माणसालाही ते पटते. आणि एकदा त्याला पटले, की टीव्हीकडे, आमटीकडे किंवा अक्षराकडे पाहण्याची तसदी मग कोणीच घेत नाही.

दिवाळी अंकात या सदराला एरवीपेक्षा ऐसपैस जागा मिळते. म्हणून यंदा थोडे यंत्राच्या तपशिलात शिरायचे ठरवले आहे. ज्यांच्या घरी जुना काँप्युटर आहे आणि त्याच्यापुढे बसणारे कोणी वयस्कर माणूस आहे, त्यांनी तरी फराळाचे ताट बाजूला ठेवून हे वाचावे.

माझे सासरे, आमचे अण्णा, जन्मभर प्रुफे वाचत आले. जुळाऱ्याने शिशाचे खिळे जुळवून काढलेली ओली प्रुफे त्यांनी वाचली, ऑफसेटची वाचली, आणि शहात्तराव्या वर्षी घरबसल्या दोन-तीन प्रकाशकांची वाचतात. फरक एवढाच, की आता प्रुफे कागदावर येत नाहीत. मेलने येतात आणि पडद्यावर वाचावी लागतात. मी कॉलेजात मराठी शिकवते खरी, पण ऱ्हस्वदीर्घाच्या बाबतीत आमच्या घरातला शेवटचा शब्द अण्णांचा.

गेल्या जुलैत एका पतसंस्थेची स्मरणिका त्यांच्या नजरेखालून गेली आणि छापून आली. तिच्यात एका ठिकाणी 'ठेवींचा भरणा' याऐवजी 'ठेवींचा मरणा' असे छापले होते. सभासदांत हशा पिकला. ठेवीदार हसले म्हणजे संस्थेची तब्येत चांगली असणार, असे म्हणून आम्ही घरातल्यांनीही ते हसण्यावारी नेले. अण्णा काही बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात एका प्रकाशकांचा मला फोन आला. "अण्णांनी कादंबरीची प्रुफे न वाचताच परत पाठवली. दृष्टी साथ देत नाही, यापुढे काम पाठवू नये, असे लिहिले आहे. घरी सगळे ठीक आहे ना?" घरी आम्हा कोणालाच त्याचा पत्ता नव्हता. पन्नास वर्षांचे काम माणसाने दोन ओळींत संपवले, आणि संध्याकाळी नेहमीसारखा आमच्याबरोबर चहा घेतला.

रीतीप्रमाणे डोळ्यांचे डॉक्टर झाले. चष्म्याचा नंबर होता तोच होता. मोतीबिंदूची नुकती सुरुवात आहे, पण वाचनाच्या आड येण्याजोगी नाही, असे डॉक्टर म्हणाले. त्यांनी हातात दिलेल्या तक्त्यावरची सर्वांत बारीक ओळ अण्णांनी न अडखळता वाचली. घरी आल्यावर वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातीही वाचल्या. आता मला सांगा, जो माणूस कागदावर वाचू शकतो आणि पडद्यावर वाचू शकत नाही, त्याच्या बाबतीत तपासायचे कोणाला? माणसाला की पडद्याला?

आमच्या काँप्युटरचा इतिहास थोडक्यात सांगते. तो दहा वर्षांपूर्वीचा. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली, आणि विंडोज ११ ला आमच्या काँप्युटरचा प्रोसेसर पसंत नव्हता. चांगले चालते यंत्र भंगारात द्यायला जीव होईना, म्हणून अकरावीतल्या आमच्या चिरंजीवांनी त्यात लिनक्स घातले. त्यातला मिंट नावाचा प्रकार. लिनक्सचा गाभा १९९१ साली हेलसिंकीच्या लायनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिहायला घेतला. त्याची मूळ संहिता कोणालाही वाचता येते, बदलता येते, आणि वापरायला पैसे पडत नाहीत. सहा महिने सारे सुरळीत होते. मेअखेर आमचा जुना मॉनिटर कायमचा मिटला, आणि जुन्या वस्तूंच्या दुकानातून साडेएकवीस इंची चपटा मॉनिटर आला. दुकानदाराने सोबत निळ्या टोकांची एक केबलही दिली. अण्णांच्या तक्रारीला सुरुवात झाली ती जूनमध्ये. तारखा शेजारी शेजारी मांडल्या की डॉक्टरांची फी वाचते.

गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याने पडद्यावर एक नजर टाकली आणि "मॉनिटर गेलाय, नवीन घ्या" असा निकाल दिला. आमच्या यजमानांचे एक स्नेही म्हणाले, "फुकटातले लिनक्स ते! दुसरे काय होणार?" फुकट मिळते ते वाईट, अशी आपल्याकडे एक ठाम समजूत आहे, हवा आणि आईचे दूध यांचा मात्र तिच्यात कोणी समावेश करीत नाही.

पडदा म्हणजे काय, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. चपट्या मॉनिटरचा पडदा हा ठिपक्यांचा बनलेला असतो, आणि ते ठिपके कारखान्यात कायमचे बसवलेले असतात. आमच्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८०, म्हणजे एकूण २०,७३,६०० ठिपके आहेत. यालाच त्याचे रेझोल्यूशन म्हणतात. काँप्युटरने याच मापाचे चित्र पाठवले, तर चित्राचा एक ठिपका पडद्याच्या एका ठिपक्यावर बसतो आणि अक्षर कोरल्यासारखे दिसते. आमचा काँप्युटर मात्र पाठवत होता १०२४ बाय ७६८, म्हणजे ७,८६,४३२ ठिपके. तेवढे चित्र पडदाभर ताणायचे, तर आडव्या दिशेला एका ठिपक्याचे पावणेदोनहून थोडे अधिक ठिपके करावे लागतात. अर्धा-पाऊण ठिपका काही पेटवता येत नाही. मग मॉनिटर शेजारशेजारच्या ठिपक्यांची सरासरी काढतो, आणि काळ्या-पांढऱ्याच्या मध्ये करड्या रंगाची साय धरते. शिवाय पाठवलेले चित्र चारास तीन या प्रमाणाचे आणि पडदा सोळास नऊ या प्रमाणाचा. त्यामुळे प्रत्येक अक्षर रुंदीला एक-तृतीयांशाने फुगते, वर्तुळाचे अंडे होते.

आता 'भ' आणि 'म' लिहून पाहा. दोन्हींचा उभा दंड तोच, गाठही जवळपास तीच. खरा भेद डोक्यावर आहे. 'म'ची शिरोरेखा अखंड, आणि 'भ'ची डावीकडे तुटलेली. 'ध' आणि 'घ' यांचे तेच, 'थ' आणि 'य' यांचेही तेच. म्हणजे देवनागरीतल्या तीन जोड्यांचा संसार शिरोरेखेतल्या एका फटीवर चालला आहे. सबंध पान पडद्याच्या रुंदीत बसवले, की ही फट दोन-तीन ठिपक्यांची उरते. ठिपके कमी केले की ती एका ठिपक्यावर येते, आणि तो एक ठिपका ताणताना त्याच्यावर ती करडी साय पसरते. फट बुजते. भरण्याचे मरण होते ते असे. इंग्रजी वाचणाऱ्याला हा त्रास इतका होत नाही. त्याच्या अक्षरांना डोक्यावर रेघ नाही, अनुस्वार नाही, रफार नाही. म्हणून इंग्रजी मेल वाचून "मला तर बरे दिसते बुवा" म्हणणाऱ्यांच्या साक्षीवर मराठीच्या बाबतीत विसंबू नये.

चिरंजीवांनी आजोबांच्या मायेपोटी आधी भलताच उपाय केला होता. "आबांना मोठे दिसू दे" म्हणून त्याने रेझोल्यूशन आणखी खाली आणून ८०० बाय ६०० केले. अक्षरे मोठी झाली, पण लोण्याची झाली. हा उपाय घरोघरी चालतो, म्हणून मुद्दाम सांगते आहे. यावर अण्णांनी जे सांगितले ते कोणत्याही पुस्तिकेपेक्षा मला चोख वाटले. ते नातवाला म्हणाले, "अरे, मोठे अक्षर हवे तर मोठा टाइप घ्यावा. बारा पॉइंटचा ठसा भिंग लावून मोठा केला, तर अक्षर मोठे होत नाही, त्याचे दोष मोठे होतात." पडद्याचे अगदी असेच आहे. रेझोल्यूशन पडद्याच्या जन्माचे असेल तेच ठेवायचे, आणि अक्षर मोठे करायचे ते अक्षराच्या मापाच्या वेगळ्या सेटिंगमधून. पान 'झूम' करूनही अक्षर मोठे होते. पण मग ओळीचे टोक पडद्याबाहेर जाते, आणि ओळ सरकवत प्रुफे वाचणे म्हणजे कीर्तनात दर ओव्यांमागे उठून दार उघडण्यासारखे आहे.

पण मूळ पेच निराळाच होता. १९२० बाय १०८० हे माप आमच्या डिस्प्लेच्या यादीतच नव्हते. यादी सुरू व्हायची १०२४ बाय ७६८ पासून आणि तिथून खाली उतरायची. काँप्युटरला आपल्यासमोर कोणता पडदा आहे, हे ठाऊकच नव्हते.

हे त्याला एरवी कसे ठाऊक असते? तर १९९४ पासून मॉनिटरच्या पोटात त्याची एक जन्मपत्रिका ठेवण्याची सोय झाली आहे. इंग्रजीत तिला ईडीआयडी म्हणतात. मूळची पत्रिका अवघी १२८ बाइट्सची. एवढ्या जागेत बनवणाऱ्याच्या खुणेची तीन अक्षरे, जन्माचे वर्ष आणि आठवडा, पडद्याची लांबीरुंदी सेंटिमीटरमध्ये, आणि कोणती मापे त्याला मानवतात, हे सगळे मांडलेले असते. केबल जोडली की काँप्युटर ती पत्रिका मागवून घेतो, आपल्याला काय जमते ते पाहतो, आणि मग चित्र पाठवतो. पत्रिका मिळालीच नाही, तर लिनक्स सावध पवित्रा घेते आणि १०२४ बाय ७६८ च्या वर काही देत नाही. परक्या घरात पाहुण्याने दाराजवळच्याच खुर्चीवर बसावे, तसा हा प्रकार. मला त्यात त्याची चूक काही वाटत नाही. जुन्या फुगीर काचेच्या मॉनिटरला न मानवणारे माप दिले, तर तो कायमचा बिघडण्याची भीती असे. ही सावधगिरी त्या दिवसांतली आहे.

पत्रिका अडली होती केबलमध्ये. निळ्या टोकांची ती केबल म्हणजे व्हीजीए. आयबीएमने १९८७ साली रूढ केलेली. तिच्या टोकाला पाच-पाचच्या तीन रांगांत पंधरा पिनांची जागा असते. पहिल्या रांगेतल्या पहिल्या तीन पिनांतून तांबडा, हिरवा, निळा हे रंग जातात. पत्रिका मात्र तिसऱ्या रांगेतून येते. त्या रांगेतली दुसरी, म्हणजे १२ वी पिन, आणि शेवटची, म्हणजे १५ वी, या दोघी मिळून तिची ने-आण करतात. यांतली एक जरी वाकली, तुटली, किंवा स्वस्त केबल करताना तिची तारच कोणी गाळली, तरी चित्र येतच राहते, रंग ठीक दिसतात, फक्त ओळख पोचत नाही. म्हणून दोष केबलचा आहे, हे कोणाच्या ध्यानी येत नाही. आम्ही बॅटरी धरून पाहिले, तर १२ व्या पिनेने आडवे अंग टाकले होते. जाता जाता एक सूचना: ९ व्या पिनेची जागा पुष्कळ केबलींत मुळातच रिकामी असते. ती पाहून घाबरू नये.

नवी केबल येईपर्यंत दोन दिवस जायचे होते, आणि अण्णांना तोवर थांबवायला माझे मन घेईना. लिनक्सची मला आवडलेली गोष्ट ही, की त्याच्याशी बोलता येते. टर्मिनल नावाची काळी चौकट उघडायची आणि एक्स, आर, ए, एन, डी, आर ही सहा अक्षरे सलग टंकायची. पहिला एक्स हा पडद्यावर चित्र काढणाऱ्या एक्स विंडो या १९८४ पासूनच्या व्यवस्थेचा; पुढच्या अक्षरांचा अर्थ 'आकार बदला आणि फिरवा' असा. ही आज्ञा दिली की कोणत्या खोबणीत पडदा जोडला आहे आणि त्याला कोणती मापे ठाऊक आहेत, याची यादी समोर येते. आमची खोबण 'व्हीजीए-१' होती.

मग सी, व्ही, टी ही तीन अक्षरे टंकून पुढे १९२० आणि १०८० हे आकडे, अर्थात इंग्रजी, घातले. उत्तरादाखल एक लांबलचक ओळ आली: १७३.००, मग १९२०, २०४८, २२४८, २५७६, मग १०८०, १०८३, १०८८, ११२०. पडदा १९२० ठिपक्यांचा असताना हिशेब २५७६ पर्यंत का, हे चिरंजीवांना कळेना. अण्णांना कळले. टंकलेखन यंत्राचा गाडा ओळ संपली की परत उजवीकडे आणावा लागे; त्यात वेळ जाई, पण अक्षर उमटत नसे. जुन्या मॉनिटरच्या काचेवर इलेक्ट्रॉनांचा झोत असाच ओळीमागून ओळ काढत असे आणि परतीच्या वाटेवर विझत असे. वरचे ६५६ ठिपके हे त्या परतीच्या वाटेचे. चपट्या पडद्यात गाडा नाही, झोत नाही, पण तारेतून जाणारा हिशेब तोच राहिला आहे. १७३ म्हणजे सेकंदाला १७ कोटी ३० लाख ठिपके, परतीची वाट धरून.

ती ओळ उचलून एक्सरँडरला तीन पायऱ्यांनी द्यायची. दोन आडव्या रेघांना जोडून 'न्यूमोड' लिहिले की नवे माप त्याच्या वहीत चढते. तसेच 'ॲडमोड' लिहिले की ते आपल्या खोबणीच्या नावावर पडते. आणि 'आउटपुट' व 'मोड' लिहिले की ते अमलात येते. पडदा क्षणभर काळा झाला आणि उजळला. अण्णा कादंबरीचे पहिले पान उघडून बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अगं, हा 'भ' आहे!" आणि थोड्या वेळाने, "त्या दिवशीही असाच दिसला असता."

प्रकाशकांना दुसरे पत्र त्यांनी स्वतःच लिहिले. त्यात दृष्टीचा उल्लेख नव्हता. फक्त एवढेच होते, की प्रुफे पुन्हा पाठवावीत, आणि पान सात, ओळ नऊ इथला अनुस्वार लेखकाला विचारून घ्यावा.

ज्यांना हे घरी करायचे असेल त्यांच्यासाठी चार गोष्टी राहिल्या. पहिला प्रयत्न नेहमी केबलचा. आमची नवी केबल दीडशे रुपयांना आली, आणि ती जोडताच १९२० बाय १०८० यादीत आपसूक दिसू लागले, पत्रिका पोचली. काँप्युटर आणि मॉनिटर दोघांनाही एचडीएमआयची खोबण असेल तर सरळ ती वापरावी. केबल बदलायची नसेल, तर वरच्या आज्ञा काँप्युटर बंद केल्यावर विसरल्या जातात हे लक्षात ठेवून त्या 'स्टार्टअप ॲप्लिकेशन्स'मध्ये घालून ठेवाव्यात. चुकीचे माप दिले तर चपटा मॉनिटर 'आउट ऑफ रेंज' असे सांगून गप्प बसतो, म्हणून आधीच्या मापाला परतण्याची आज्ञा कागदावर लिहून जवळ ठेवावी. अंधारात टंकायची वेळ येते.

एक्सरँडरच्या यादीत खोबणीच्या नावाऐवजी 'डीफॉल्ट' असे मोघम नाव दिसले, तर दोष केबलचा नसून बहुधा ग्राफिक्सच्या ड्रायव्हरचा असतो. तिथे मिंटच्या 'ड्रायव्हर मॅनेजर'कडे जावे. आणि ज्यांच्याकडे वेलंड ही नवी व्यवस्था आहे, त्यांना या आज्ञांनी नवे माप बसवता येणार नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या उबुंटू २५.१० च्या मुख्य आवृत्तीत फक्त वेलंडच आहे. तिथे केबलच सुधारावी हे बरे.

रेझोल्यूशन जागेवर आले, की मगच अक्षर मोठे करावे. मिंटमध्ये 'फाँट सिलेक्शन' या सदरात अक्षरांच्या प्रमाणाचा एक आकडा असतो. तो १ असतो. अण्णांना १.३ मानवला. त्याने खिडक्यांची, याद्यांची, मेलची अक्षरे मोठी होतात आणि तरी फट फट राहते, अनुस्वार अनुस्वार राहतो.

आमच्या शेजाऱ्यांनी काँप्युटर थेट दिवाणखान्यातल्या टीव्हीला जोडला आहे, आणि त्यांची तक्रार वेगळीच होती: पडद्याच्या चारी कडा कापल्या जातात, खालची पट्टी अर्धीच दिसते. काँप्युटरमध्ये ते आठवडाभर माप बदलत बसले होते. तिथे दोष मापाचा नसतो. जुन्या टीव्हीच्या काचेच्या कडा सारख्या नसत, म्हणून चित्र थोडे मोठे करून कडा चौकटीआड लपवायची पद्धत पडली, आणि आजचे पुष्कळ टीव्हीही ती पाळतात. हा बदल टीव्हीच्याच रिमोटवर, चित्राच्या मापाच्या यादीत करायचा असतो. कुठे त्याला 'जस्ट स्कॅन' म्हणतात, कुठे 'स्क्रीन फिट'. शेजाऱ्यांच्या रिमोटवर तो सहाव्या क्रमांकावर निघाला.